मित्रांसाठी एक करडू

रविवारचा मिस्साबली आटोपला की चर्चच्या आवारातील कडुनिंबाखाली आमच्या धर्मग्रामातील कुटुंबे घटकाभर रेंगाळतात. कापसाचा भाव, कुणाचे आजारपण, कुणाच्या मुलीचे ठरलेले लग्न असे विषय निघतात आणि मग जो तो आपापल्या घराची वाट धरतो. गेल्या नवरात्रात अशाच एका रविवारी एका मातेने आम्हांस बाजूला घेऊन विचारले, "फादर, पोरगी अकरा वर्षांची झाली. मैत्रिणींसंगं केळापूरच्या जत्रेत जातो म्हणते. पाळण्यात बसाचं हाय तिले. किती पैसे द्यावे?"

पांढरकवड्याला लागूनच असलेल्या केळापूरची जगदंबेची जत्रा ही साऱ्या तालुक्याची जत्रा. शेजारपाजारच्या मुली निघाल्या की आमच्या मुलीही निघतात, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. प्रश्न फक्त खर्चीचा होता. आम्ही चटकन म्हणालो, "पन्नास द्या." बाईंचे समाधान झाले. आमचे मात्र झाले नाही. दुपारी जेवून पडलो तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना. प्रश्न आकड्याचा दिसत होता, पण त्याच्या पोटात आणखी तीन प्रश्न दडलेले होते. दिलेला पैसा कुणाचा, देणाऱ्याचा की मुलीचा? तो तिने उधळला तर चालेल काय? आणि जिच्या आईकडे द्यायला काहीच नाही, त्या मैत्रिणीचे काय? प्रिय वाचकहो, या तीन प्रश्नांचा थोडा विचार आपल्या सोबतीने करावा, म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या पिढीला हे प्रश्न पडलेच नाहीत, असे म्हटले तरी चालेल. आम्ही अकरा वर्षांचे होतो तेव्हा मित्रांबरोबर 'बाहेर जाणे' ही वस्तूच अस्तित्वात नव्हती. जत्रेला जायचे ते काकांचे बोट धरून, आणि काका घेऊन देतील तेच खायचे. हातावर कधी दहा पैसे पडत, कधी पाव रुपया. तो पाव रुपया ३० जून २०११ नंतर चलनातूनही गेला. पाहुण्यांनी जाताना हाती ठेवलेले नाणे मातीच्या गल्ल्यात जाई. कित्येक शाळांत 'संचयिका' नावाची विद्यार्थ्यांची बचत बँक चाले, आणि तिच्या छोट्या पासबुकातील आकडा वाढताना पाहून छाती फुगे. पैसा राखावा कसा, हे त्या पिढीला चांगले शिकवले गेले. तो खर्चावा कसा, हे मात्र कुणीच शिकवले नाही. पहिला पगार हाती आल्यावर आमच्या वर्गबंधूंपैकी काही जण पार गोंधळून गेले, आणि काही जण आजही स्वतःवर दोन रुपये खर्च करताना चोरी केल्यासारखे इकडेतिकडे पाहतात.

आता काळ बदलला आहे. दहा-बारा वर्षांची मुले सायकली काढून चौघे-पाचजण मिळून निघतात. वाढदिवसाला 'पार्टी' मागतात. पाणीपुरीच्या गाडीवरही क्यूआर कोडचा कागद चिकटवलेला असतो आणि आईचा फोन घेऊन आलेले पोर तो सराईतपणे वाचते. कायद्यानेही या वयाला मोठे अजब स्थान दिले आहे. १८७२ चा भारतीय करार कायदा अठरा वर्षांखालील व्यक्तीस करार करण्यास पात्र मानत नाही. तरीही दहा वर्षांवरील मुलास बँकेतील बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये बँकांना दिली आणि २०२५ मध्ये त्याविषयीचे नियम नव्याने घालून दिले. म्हणजे मूल धड लहान नाही आणि धड मोठेही नाही. हेच तर आईबापही रोज अनुभवत असतात.

अशा वेळी पालकांचे दोन पक्ष पडतात. पहिला पक्ष म्हणतो, मुलांच्या हाती पैसा देऊच नये. हवे ते मागावे, योग्य असेल ते आम्ही आणून देऊ. या पक्षाच्या भीतीत तथ्य आहे. पानटपरीवर गुटख्याच्या पुड्यांच्या माळा लोंबताना दिसतात, त्या काही केवळ मोठ्यांच्याच नजरेस पडत नाहीत. दुसरा पक्ष म्हणतो, द्यावे आणि विसरून जावे, पडेल तेव्हाच चालायला शिकेल. यातही तथ्य आहे. पण 'विसरून जावे' या शब्दांत कधी कधी मुलावरील विश्वासापेक्षा आपला आळसच अधिक असतो. मुलासाठी वेळ नाही, म्हणून त्याच्या हाती नोट ठेवायची. ती नोट मग खर्ची राहत नाही, आपल्या गैरहजेरीची भरपाई होते, आणि मुलाला ते लगेच कळते.

सेमिनरीत असताना आम्हांला ॲरिस्टॉटलचे नीतिशास्त्र शिकावे लागले. त्यातील एक विचार तेव्हा परीक्षेपुरता पाठ केला होता, त्याचा अर्थ आता धर्मग्रामात राहून उमजतो. उदारता हा कंजूषपणा आणि उधळेपणा यांच्यामधला सद्गुण आहे, असे तो तत्त्वज्ञ सांगतो. पुढे मात्र तो दोन्ही दोष एका तराजूत तोलत नाही. उधळ्याला वय आणि टंचाई हळूहळू सुधारू शकतात, कारण देण्याची वृत्ती तरी त्याच्या ठायी असते. कंजूषाचा रोग वयाबरोबर वाढतच जातो. आपल्या मुलाने पन्नास रुपये पाच मिनिटांत उडवले म्हणून कपाळावर हात मारून घेणाऱ्या पालकांनी या विचाराने थोडा धीर धरावा.

परंतु आमचे विशेष लक्ष वेधले ते शुभवर्तमानातील एका लहानशा तपशिलाने. उधळ्या पुत्राचा दाखला आपण सारे जाणतो. प्रवचनात आपण धाकट्या मुलाबद्दल बोलतो, बापाच्या क्षमेबद्दल बोलतो. थोरल्या मुलाला मात्र हेवेखोर ठरवून मोकळे होतो. संत लूकच्या पंधराव्या अध्यायात तो थोरला बापाकडे नेमकी कसली तक्रार करतो, ते पाहा. त्याला शेत नको आहे, अंगठी नको आहे. इतकी वर्षे राबलो, पण मित्रांबरोबर मौज करायला तुम्ही मला कधी एक करडूसुद्धा दिले नाही, असे त्याचे म्हणणे आहे. करडू! पोसलेल्या वासराच्या मानाने ती किती क्षुल्लक गोष्ट! आजच्या भाषेत बोलायचे तर त्याला मित्रांबरोबर बाहेर जाण्यासाठी खर्ची कधी मिळाली नाही. बाप उत्तर देतो की माझे जे आहे ते सगळे तुझेच आहे. ते उत्तर खरेच आहे. पण ते थोरल्याला इतक्या वर्षांत कधी कळलेच नव्हते. सारे घर ज्याचे आहे, तो मुलगा त्या घरात चाकरासारखा वावरत होता. घरात अन्नाला तोटा नव्हता. आपण होऊन, मागावे न लागता, मित्रांसमोर आपले म्हणून मिरवता येईल असे काही त्याला हवे होते.

आमच्या मते येथे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. मुलाला दिलेली खर्ची त्याची झाली पाहिजे. जी देताना दहा अटी घातल्या आणि परत आल्यावर पैशापैशाचा जाब विचारला, ती खर्ची त्याला कधी मिळालीच नाही. ती आपण त्याच्या हातून खर्च केली, इतकेच.

आता मित्रांचा प्रश्न. तो अधिक अवघड आहे, आणि त्याबाबत आम्हांस स्वतःची एक चूक येथे कबूल करावयाची आहे.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांची सहल आम्ही सेवाग्रामला नेली. हिंगणघाटवरून शंभरेक किलोमीटरचा रस्ता. गाडीचा खर्च धर्मग्रामाने केला. मुलांनी काय आणावे, असे कुणीतरी विचारले, तेव्हा आम्ही सहज बोलून गेलो, "जेवणाचा डबा आणि खर्चीसाठी शंभर रुपये." शंभर म्हणजे फार नाहीत, असा आमचा समज. त्यानंतरचे दोन रविवार वर्गातील एक बारा वर्षांचा मुलगा धर्मशिक्षणाला आला नाही. तिसऱ्या रविवारी तो आला तेव्हा आम्ही साऱ्या वर्गासमोर त्याला झापले. देवाच्या शाळेला दांडी मारून कुठे उनाडत होतास, असे विचारले. तो खाली मान घालून उभा राहिला. एक शब्द बोलला नाही.

सहलीच्या दिवशी तो आला. खिशात दहा दहाच्या नोटांची चळत होती. महात्मा गांधी १९३६ मध्ये ज्या खेड्यात राहायला आले, तेथील बापू कुटी आम्ही मुलांना दाखवली. मातीच्या भिंती आणि मोजके सामान दाखवून साधेपणाचा धडा दिला. विलायतेत शिकत असताना गांधीजी पैशापैशाचा हिशेब लिहून ठेवीत, हेही सांगितले. धडा संपवून बाहेर पडलो. मुले रस्त्याकडच्या दुकानांकडे पांगली. पंधरा मिनिटांनी पाहतो तो आमच्या त्या मुलाभोवती सातआठ पोरांचे कोंडाळे जमलेले. त्याने सगळ्यांना चिप्सची पाकिटे आणि थंड पेये वाटली होती. खिशात एक रुपया उरला नव्हता. चेहरा असा खुलला होता की आम्ही त्याला तसा पूर्वी कधी पाहिला नव्हता. आम्ही मात्र मनात चरफडलो. आताच सांगितलेल्या धड्याचे पोराने काय केले!

परतल्यावर दुसऱ्या दिवशी त्याची आई भेटली. आम्ही तक्रारीच्या सुरात सारी हकीकत सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मले मालूम हाय, फादर. दोन रविवार माह्यासंगं वेचाले येत होता तो. दहा किलो येचला त्यानं. सारे उडवले, पन मी काई बोलली नाई त्याले. दरवेळी दुसऱ्याचंच खाते पोट्टा. एक दिस त त्याचा झाला!"

त्या हंगामात वेचणीचा दर किलोला दहा रुपयांच्या आसपास होता. आम्ही सहज उच्चारलेला आकडा म्हणजे कमरेत वाकून, पऱ्हाटीच्या बोंडांनी बोटे ओरबाडून घेत वेचलेला दहा किलो कापूस होता. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. त्या भावाने शंभराची नोट म्हणजे शेतकऱ्याचा सुमारे सव्वा किलो कापूस, आणि नोकरदाराच्या घरी एका पिझ्झ्याचा तुकडा. नोट तीच, पण प्रत्येक घरात तिचे वजन निराळे. त्या मुलाने धर्मशिक्षण चुकवले, ते आम्हीच मागितलेले पैसे कमावण्यासाठी! आणि आम्ही त्याला झापले होते. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. पुढच्या रविवारी ज्या वर्गासमोर त्याला बोललो होतो, त्याच वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. कारण मात्र सांगितले नाही. ते त्याचे होते.

मग आम्हांला संत ऑगस्टीन आठवले. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर मिळून शेजारच्या झाडाची नासपती चोरल्याची कथा त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात सांगितली आहे. फळे भुकेसाठी चोरली नव्हती, बरीचशी डुकरांपुढे फेकून दिली. एवढ्याशा गोष्टीचा ते पुढे पानेच्या पाने विचार करतात आणि या निष्कर्षाला येतात की एकटे असते तर त्यांनी ती चोरी केली नसती. सोबतीने करायला लावली. चौघे एकत्र आले की प्रत्येकाला आपण मागे पडू नये असे वाटते, आणि त्या लाजेपोटी मूल न करावे ते करून बसते. ऑगस्टीन येथे वाईटाबद्दल बोलत आहेत. पण सोबतीचे हे बळ चांगल्याबाबतही तितकेच खरे आहे. दहा किलो कापूस वेचायला लावणारे बळ तेच, आणि सर्वांना वाटून खायला लावणारे बळही तेच.

म्हणून आम्ही असे म्हणतो की मित्रांबरोबर जाण्यासाठी दिलेली खर्ची ही एका मुलाला दिलेली रक्कम नसते. ती त्याच्या हातून साऱ्या घोळक्यात जाते. आपण पाचशेची नोट देतो तेव्हा आपल्याला वाटते की हा आपल्या घरचा मामला आहे, आपल्याला परवडते. पण त्या नोटेने घोळक्यातील प्रत्येक मुलासाठी एक पातळी ठरून जाते. ज्याला ती गाठता येत नाही, त्याच्यापुढे मग तीनच वाटा उरतात. पोट दुखते म्हणून घरी बसायचे, दुसऱ्याचे खाऊन मिंधे व्हायचे, किंवा आणायचे कुठूनतरी. त्या 'कुठूनतरी'मध्ये आईच्या डब्यातले पैसे येतात, आणि कापसाचे शेतही येते.

करिंथच्या मंडळीला संत पौलाने पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात याच गोष्टीसाठी खडसावले होते. प्रभुभोजनासाठी सारे एकत्र जमत, पण ज्यांच्याकडे असे ते आपले आधीच खाऊन घेत आणि ज्यांच्याकडे नसे ते उपाशी राहत. पौलाला राग खाण्याचा आला नाही. नाही रे त्यांना तुम्ही लाजवता, याचा त्याला राग आला. एकमेकांसाठी थांबा, असा त्याचा उपदेश आहे. मुलांच्या घोळक्याचे नीतिशास्त्र याहून वेगळे काय असणार?

तेव्हापासून धर्मशिक्षणाच्या सहलीला आम्ही नियम केला आहे. खर्ची वीस रुपये, त्याहून अधिक कुणी आणू नये, आणि डबे सगळ्यांनी एकत्र उघडायचे. यावर एका पालकांनी आक्षेप घेतला. ते म्हणाले, "फादर, आम्ही कष्टाने कमावतो. आमच्या मुलाने दुसऱ्यासाठी का म्हणून मन मारावे?" प्रश्न प्रामाणिक होता. आम्ही त्यांना म्हणालो की घरी त्याला हवे ते खुशाल द्या, आई-बापाबरोबर नागपूरला न्या, आमची ना नाही. फक्त जेथे दहा मुले एका पंगतीला बसतात, तेथे पान सारखे असावे. त्यांना ते पुरते पटले, असे आम्हांस वाटत नाही.

आणि खरे सांगायचे तर आमच्या नियमाने आमचेही पुरते समाधान झालेले नाही. वीस रुपयांच्या नियमाने कुणी लाजत नाही, हे खरे. पण त्या मुलाला तो एक दिवस या नियमाखाली मिळाला असता काय? सर्वांना वाटणारा हात त्याचा होता, म्हणून तर त्याचा चेहरा खुलला होता. नियम मुलाला लाजेपासून वाचवू शकतो. करडू देऊ शकत नाही. ते घरातूनच यावे लागते. आणि घर गरीब असले तरी ते येऊ शकते, हे त्या मातेने आम्हांला दाखवले. तिने पैसे दिले नव्हते. पण कमावलेल्या शंभर रुपयांवर मुलाचा हक्क तिने मानला, ते उडाल्यावर एक शब्द बोलली नाही, आणि त्यामागचा आनंद ओळखला. दाखल्यातील बाप सांगूनही थोरल्याला जे पटवू शकला की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, ते ती न बोलता मुलाला देऊन गेली.

तेव्हा आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे वळू. "पन्नास द्या" हे आमचे उत्तर चुकीचे नव्हते, अपुरे होते. आज विचारले तर आम्ही असे सांगू. बाई, आधी त्या तिन्ही मैत्रिणींच्या आयांना भेटा. ओट्यावर बसून चौघी मिळून एक रक्कम ठरवा, आणि ती ठरवताना ज्या घराला सर्वांत जड जाते त्या घराकडे पाहा. त्या घराला बोलावे लागू नये, अशा बेताने आपणच कमी आकडा सुचवा. मग तेवढीच रक्कम सुट्ट्या नोटांत मुलीच्या हाती ठेवा. फोन देऊ नका. मुठीतली नोट संपते तेव्हा मुठीला कळते. फोनमधले पैसे संपले, हे कुणालाच कळत नाही. परीक्षेच्या गुणांशी किंवा घरकामाशी खर्चीची सांगड घालू नका, नाहीतर मुलगी घरातही मजुरीवर राहते. कुठे जायचे नाही, अंधार पडण्याआधी परत यायचे, एकीला सोडून तिघींनी पुढे जायचे नाही, एवढे मात्र ठणकावून सांगा. मर्यादा वाटेला असाव्यात, पैशाला नसल्या तरी चालेल. आणि परत आली की हिशेब विचारू नका, गोष्ट विचारा. "किती उरले?" असे विचारले तर ती आकडा सांगेल. "काय काय पाहिलं?" असे विचारले तर पाळणा सांगेल, बुढ्ढी के बाल सांगेल, आणि ओघात पैसे कुठे गेले तेही सांगेल. कुणी रडली असेल, कुणी एकटी पडली असेल, तर तेही त्याच गोष्टीत कळेल. आपल्याला कळायला हवे ते हेच.

त्या रविवारी ती मुलगी जत्रेला गेली की नाही, हे आम्ही विचारायचे विसरलो. मात्र तिच्याबरोबर जाणाऱ्या मैत्रिणींपैकी एकीचे घर आमच्या चर्चच्या मागच्या गल्लीत आहे. तिची आई कापूस वेचायला जाते. जत्रेच्या त्या दिवसांत ती मुलगी संध्याकाळी दारात एकटीच बसलेली आम्ही पाहिली होती, आणि सहज हात हलवून पुढे गेलो होतो. आता राहून राहून वाटते की क्षणभर थांबायला हवे होते.